माळवद उतरविण्यापूर्वी

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुने जालना आणि दुसऱ्या तीरावर नवीन जालना वसलेले आहे. दगडमातीच्या भिंती व माळवदाचे छत ही मराठवाड्यातील घरबांधणीची जुनी रीत. पावसाळ्यात माळवद गळू लागले, की ते उतरवून स्लॅब टाकण्याचा विचार घरोघरी सुरू होतो. ‘घर आपले, दुरुस्तीही आपलीच, मग परवानगी कशाला?’ असा प्रश्न तेव्हा हमखास विचारला जातो.

प्रत्येक दुरुस्तीस परवानगी लागते, असे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ नुसार केवळ घराच्या अंतर्भागापुरत्या किंवा बाह्य स्वरूपात विशेष फरक न पाडणाऱ्या देखभालीस व सुधारणेस पूर्वपरवानगीची आवश्यकता नाही. रंगसफेदी, गिलावा, फरशी बदलणे ही अशी कामे होत. परंतु छत बदलून स्लॅब टाकणे, मजला चढविणे अथवा घर रस्त्याकडे वाढविणे म्हणजे नुसती डागडुजी नव्हे.

यामागे केवळ नियमाचा आग्रह नाही. माळवदाचे ओझे पुष्कळदा लाकडी खांब व तुळया पेलतात. त्या काढून स्लॅबचा भार मातीत रचलेल्या भिंतींवर टाकणे धोक्याचे असते. ३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारी भूकंपात अशाच भिंती व जड छते कोसळून हजारो माणसे गाडली गेली. शिवाय दाट वस्तीत भिंत सामाईक असेल, तर एका घराची चूक शेजारच्या घरासही भोवते. भिंती व पाया यांची तपासणी जाणकार अभियंत्याकडून होणे, हा परवानगीचा खरा लाभ होय.

जालना नगरपालिकेचे २०२३ मध्ये महानगरपालिकेत रूपांतर झाले. आता परवानगीचा अर्ज महानगरपालिकेकडे करावयाचा असतो. मालकी हक्काचा पुरावा, जागेचा मोजणी नकाशा आणि वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्याने तयार केलेले आराखडे त्यासोबत जोडावे लागतात. वारसांची नावे मालमत्ता पत्रकावर चढली नसतील, तर ते काम आधी उरकून घ्यावे. अर्ज पूर्ण व नियमांस धरून असूनही ६० दिवसांत निर्णय कळविला गेला नाही, तर कलम ४५ अन्वये परवानगी मिळाल्याचे मानण्यात येते. नकार मिळाल्यास ४० दिवसांच्या आत अपील करता येते. मिळालेले प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्षच अमलात राहते. काम लांबल्यास मुदतवाढ घ्यावी लागते.

विनापरवाना बांधकाम हा कलम ५२ अन्वये दंडनीय अपराध आहे. त्याहून मोठी हानी म्हणजे आयुष्यभराची पुंजी घालून उभारलेला मजला उतरविण्याची नोटीस हाती पडणे. म्हणूनच लोकप्रतिनिधी, शिक्षक व कर्मचारी यांनी हा विषय पावसाळा संपताच, नव्या कामांचे बेत आखले जात असतानाच, नागरिकांच्या कानी घालावयास हवा. गवंड्याला इसार देण्यापूर्वी दिलेला सल्लाच उपयोगी पडतो.