मावशींची भिंत आणि माझा बूफर



तुमच्यापैकी कुणी हे भाषण तळहाताएवढ्या ट्रान्झिस्टरवर ऐकत असेल, कुणी मोबाइलवर. त्या सगळ्यांना आधी एक गंमत सांगतो. माझ्या आवाजाचा तळ तुमच्यापर्यंत पोचतच नाही. पुरुष बोलतो तेव्हा त्याच्या आवाजाचा मूळ सूर सेकंदाला शंभर कंपनांच्या आगेमागे असतो. दोन-अडीच इंची स्पीकरला तो जवळजवळ काढताच येत नाही. तो काढतो त्या मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, दोनशे, तीनशे, चारशे. तेवढ्यावरून आपला मेंदू हिशेब करतो आणि गाळलेली जागा स्वतः भरून घेतो. मी बी.ए. झालेला माणूस, विज्ञान माझं दहावीतच सुटलं. हे सगळं मला पन्नाशी उलटल्यावर शिकावं लागलं, ते एका कॅसेटमुळे.

आमच्या कंधारात हाजी सय्याह सरवर मगदूम यांचा दर्गा आहे. उरुसात कव्वाली होते. माझे अब्बा कव्वालांच्या मागं बसून ढोलक वाजवायचे. पोटापाण्याचा धंदा वेगळा होता, ढोलक ही हौस. १९८६ च्या उरुसात माझ्या मामूनं आपला छोटा टेपरेकॉर्डर तखतावर ठेवून एक कॅसेट भरली. अब्बा १९९३ साली गेले. त्यांच्या वाजवण्याची एवढी एकच खूण घरात उरली.

ती कॅसेट आम्ही वर्षानुवर्षं ऐकली. पेटी ऐकू यायची, टाळ्या ऐकू यायच्या, ढोलकच्या उजव्या पुडीची टकटक ऐकू यायची. डावी पुडी मात्र नाहीच. ढोलकच्या डाव्या पुडीला आतून मसाल्याचा जाड लेप असतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापतात, त्यातलाच हा प्रकार. कातड्यावर वजन वाढलं की ते सावकाश हलतं आणि सूर खाली उतरतो. अब्बांचं सारं कसब त्या डाव्या हातात होतं, असं जुने लोक सांगायचे. उजवा हात बोलतो, डावा धरून ठेवतो. मला मात्र बोलणाराच ऐकू येत होता.

पोरगा म्हणाला, "अब्बा, वो हात टेप में है, अपने डब्बे में नईं."

म्हणून बूफर आणायचं ठरलं. दुकानदार त्याला सबवूफर म्हणतात, आमच्याकडं लहानथोर सगळे बूफर म्हणतात. मीही तेच म्हणणार. काम त्याचं एकच. साधारण वीसपासून शंभर-सव्वाशे कंपनांपर्यंतचे खर्जातले सूर काढायचे, बाकीचे दुसऱ्या स्पीकरांवर सोडायचे. १९७४ साली 'अर्थक्वेक' नावाचा इंग्रजी सिनेमा आला, तेव्हा थिएटरात भूकंप जाणवावा म्हणून अगडबंब खर्जाचे स्पीकर बसवले होते. ती गोष्ट हळूहळू घरात शिरली. हल्ली टीव्हीखालच्या लांबट साउंडबारसोबतही एक छोटा बूफर येतो.

नांदेडच्या दुकानात मला पहिल्यांदा दाखवला तो खोका. त्यावर हजारोंचे वॅट छापलेले आणि पुढं पीएमपीओ अशी अक्षरं. त्या अक्षरांवर जाऊ नका. तो आकडा कसा मोजायचा याचा काही ठरलेला नियमच नाही. आरएमएस म्हणून जो छोटा, गरीब आकडा कोपऱ्यात लिहिलेला असतो तो खरा. दुसरं, मोठा तो चांगला असंही नाही. दहा बाय चौदाच्या खोलीला आठ किंवा दहा इंची पडदा पुष्कळ होतो. मात्र अगदी चिमुकला घेऊन त्याच्याकडून फार खोल आवाजाची अपेक्षा धरू नये. सूर एक सप्तक खाली नेला की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट हलावं लागतं. लहान पडदा बिचारा हलून हलून किती हलणार? मग तो फडफडतो.

तिसरी निवड पेटीची. एक पेटी चारी बाजूंनी बंद असते, दुसरीला नळीचं भोक असतं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की कसा घुमारा निघतो, तसा त्या नळीतून एका ठरावीक सुराला जोर मिळतो. सिनेमातल्या स्फोटांना तो बरा. बंद पेटीचा आवाज थोडा कमी, पण थाप पडली की पडली आणि थांबली की थांबली. मला ढोलक ऐकायची होती, मी बंद पेटीचा घेतला. दुकानदाराला माझी निवड फारशी पटली नाही.

घरी आणला आणि पोरानं कोपऱ्यात ठेवला. कोपऱ्यात ठेवला की आवाज वाढतो हे खरंच आहे. तीन बाजूंच्या भिंती-फरशी मिळून तो पुढं ढकलतात. तो कोपरा नेमका शेजारच्या मावशींच्या सामाईक भिंतीचा. माझी खुर्ची खोलीच्या मधोमध. कॅसेटवरून करून घेतलेली कव्वाली मोबाइलवरून लावली. काहीच फरक नाही! मी बटण वाढवलं. थोडं बुम्म झालं. अजून वाढवलं. असे तीन-चार दिवस गेले, रात्री जेवणं झाल्यावर.

पाचव्या दिवशी सकाळी मावशी दारात उभ्या. त्यांचं बायपास झालेलं. पलीकडच्या खोलीत त्यांचा पलंग त्याच भिंतीला लागून. चिडलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "बाबा, रात्री काय वाजवायलास? मांडणीवरची भांडी नाचायलीत. आन् माझ्या छातीत धडधड व्हायलीय, ती माझी का तुझी तेच कळंना गेलंय."

मी म्हटलं, "मावशी, मला तर इथं काही ऐकूच येईना."

हे मी खरं बोलत होतो, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. मला ऐकू न येणारा आवाज एका आजारी बाईच्या छातीवर रात्रभर थापा मारत होता.

असं का झालं ते पोरानं कागदावर काढून दाखवलं. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर धावतो. चाळीस कंपनांच्या सुराची एक लाट म्हणजे साडेआठ मीटरहून जरा जास्त, अंदाजे अठ्ठावीस फूट. माझी खोली चौदा फूट लांब, म्हणजे बरोबर अर्धी लाट. अशी लाट खोलीत अडकते. दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी तिचा जोर सर्वांत जास्त आणि मधोमध जवळजवळ शून्य. मी बसलो होतो शून्यावर आणि मावशींची भिंत होती टोकाला. मला ऐकू येईना म्हणून मी वाढवत होतो आणि वाढलेलं सगळं त्यांच्याकडं जात होतं.

त्यात आमच्या खोलीची रुंदी दहा फूट आणि उंचीही दहाच फूट. दोन्ही मापं सारखी असली की एकाच सुराच्या दोन लाटा एकमेकींवर चढतात. माझ्या खोलीत तो सूर ५६-५७ कंपनांचा. ढोलकवर कुठलीही डावी थाप पडो, खोली आपलं एकच पालुपद धरायची. तो अब्बांचा हात नव्हता, माझ्या स्लॅबचा होता.

आमचं जुनं घर माळवदाचं होतं. अडीच फुटी दगडी भिंती, वर लाकडं, फळ्या, त्यावर मातीचा थर आणि पुढं उघडा चौक. तिथं ढोलक वाजली की खर्ज थोडा मातीत मुरायचा, बाकीचा चौकातून वर निघून जायचा. पलीकडं जाणार कुठून? आम्ही ते पाडलं, स्लॅब टाकला, सामाईक भिंत नऊ इंची विटांची केली. चार कपाटांची जागा निघाली म्हणून खूश झालो होतो. पाडलं त्याचं दुःख करत बसणाऱ्यातला मी नाही. पावसाळ्यात माळवद गळायला लागलं की ते कौतुक कुणालाच नको असायचं. पण कानाचा हिशेब तेव्हा कुणी केला नव्हता.

एकानं सल्ला दिला, भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवा. दुसऱ्यानं स्पंज सांगितला. त्यानं टाळीचा, बोलण्याचा आवाज थोडा मऊ होतो. खर्ज अडत नाही. चाळीसच्या लाटेला स्पंजानं जिरवायचं तर थर दोन मीटरच्या घरात लागेल. मग खोलीत मी कुठं राहू? बूफरखाली रबर ठेवलं त्याचा एवढाच उपयोग झाला की शहाबादी फरशीची कुरकुर थांबली.

खरा उपाय फुकटचा निघाला. आधी खुर्ची मधोमधून उचलली आणि मावशींच्या समोरच्या भिंतीपासून साडेचार-पाच फुटांवर ठेवली. मग बूफर त्या खुर्चीवर बसवला, मी जिथं बसतो तिथं. कव्वाली लावली आणि मी हातापायांवर रांगत, डोकं जमिनीजवळ ठेवून भिंतीच्या कडेकडेनं फिरलो. बूफर खुर्चीत आणि कान भिंतीशी, किंवा कान खुर्चीत आणि बूफर भिंतीशी, दोन्हींचा हिशेब सारखाच येतो. बायको दारातून बघत होती. म्हणाली, "गुडघे दुखतात म्हणून नमाज खुर्चीवर, आणि हे काय चाललंय?" तिला उत्तर द्यायला माझ्याकडं नव्हतं. पण फिरताना फरक स्पष्ट कळतो. कोपऱ्यात नुसता गोंगाट, दोन हात पुढं काहीच नाही, आणि लांब भिंतीच्या मध्याच्या जरा पुढं एक जागा अशी आली की थापा सुट्या सुट्या मोजता आल्या. बूफर तिथं ठेवला. लांबीच्या मध्याजवळ ठेवला की ती चाळीसची लाट फारशी उठतच नाही. मावशींची भिंत लांब राहिली हा आणखी फायदा.

बाकीच्या दोन खुंट्या पटकन सांगतो. एकीनं ठरतं, कुठल्या सुरापर्यंत बूफरनं वाजायचं. साधारण ८० वर ठेवावी. त्याखालचा आवाज कुठल्या दिशेनं येतोय हे कानाला ओळखू येत नाही, म्हणून बूफर कुठंही असला तरी ढोलक समोरच वाटते. फार वर नेली तर गाणाऱ्याचा गळा जमिनीतून येऊ लागतो. दुसरी खुंटी शून्य आणि १८० अशी असते. बूफर आणि समोरचे स्पीकर एकाच वेळी पुढं ढकलतात की उलटसुलट, ते ती ठरवते. खुर्चीत बसून दोन्हीकडं फिरवावी, जिकडं थाप भरीव वाटेल ती ठेवावी. आणि सतत घूं ऐकू येत असेल तर तो विजेचा सूर, पन्नास कंपनांचा. आमच्याकडं अर्थिंगची वायर सैल निघाली.

आता कायद्याचं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मी मोबाइलवर मोजलं होतं, आकडा कमीच भरला होता. आपण कायद्यात बसतो म्हणून मी निश्चिंत. पण हा मीटर माणसाच्या कानासारखा बनवलेला असतो आणि आपला कान खर्जाला मंद आहे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी हे मोजून दाखवलं. म्हणून पन्नास कंपनांचा आवाज असला की तो मीटर सुमारे ३० डेसिबल कमी दाखवतो. भिंतीला, मांडणीला आणि पाठीच्या कण्याला ती सूट नसते. शिवाय रात्री आवाज लहान केला की खर्ज आधी हरवतो आणि हात आपोआप बूफरच्या बटणाकडं जातो. माझा तसाच गेला होता.

शेवटची चाचणी मी मावशींच्या खोलीत बसून घेतली. त्यांच्या पलंगाच्या कडेला मी, पलीकडं पोरगा, हातात मोबाइल. "कमी कर", "अजून कमी", "थांब". मांडणीवर स्टीलचा पेला पालथा घातला होता, तो गप्प राहीपर्यंत. मग मावशींनी भिंतीला तळहात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "हां, आता नाही." बूफरच्या बटणावर तिथं मुलीच्या नेलपॉलिशनं लाल ठिपका दिला.

घरी येऊन खुर्चीत बसलो आणि कॅसेट पहिल्यापासून लावली. बूफर वाजतोय असं वाटलंच नाही. ढोलक मात्र मोठी झाली होती, तिला पोट आलं होतं. डाव्या पुडीवर मनगट घासून सूर वर चढवायचा अब्बांचा घिस्सा दोन ठिकाणी आला. सगळं नाही आलं. मामूचा रेकॉर्डर साधा, त्यानं जे टिपलंच नाही ते कुठला बूफर आणणार? पण एक गोष्ट आली, जी मला अपेक्षित नव्हती. प्रत्येक समेवर ढोलकच्या खाली एक वेगळा, बोथट ठोका. दोनदा ऐकला तरी कळेना. शेवटी अम्मीला बोलावलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "उनका घुटना है."

अब्बा मांडी घालून बसायचे आणि समेवर त्यांचा डावा गुडघा तखतावर आपटायचा. रेकॉर्डर त्याच तखतावर होता.

मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, मलाही ऐकव. गुरुवारी संध्याकाळी येऊन बसल्या. माझी खुर्ची त्यांना दिली, कारण दुसरीकडं बसून ते नीट ऐकू येत नाही. रात्री दहाला मी प्लग काढून ठेवतो. पोरगा अधूनमधून लाल ठिपक्याच्या पुढं बटण नेतो. पेला मावशींच्या मांडणीवर अजून पालथाच आहे, त्या सकाळी सांगतात.