बेल वाजते हो, पण ऐकू कोणाला येते?

आजचा भाग छोटा आहे, पण कामाचा. वायरलेस डोअरबेल कुठली घेऊ, असं मला बरेच जण विचारतात. मी दिवसभर कोड लिहिते, म्हणून लोकांना वाटतं ही पटकन मॉडेलचं नाव सांगेल. मी उलट विचारते, दुपारी घरी कोण असतं?

आमच्याकडे आजी असते आणि तिला कमी ऐकू येतं. गॅसवाला दोनदा बेल मारून निघून गेला, की सिलिंडर लांबला. त्यामुळे ट्यून ३६ आहेत की ५२, याला अर्थ नाही. आवाज मोठा हवा आणि वाजताना दिवा चमकला तर फारच छान. एका बटणाला दोन रिसीव्हर जोडता येतात का, तेही बघा. एक हॉलमध्ये, एक आजीच्या खोलीत.

आता रेंज. बऱ्याच साध्या बेल ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. खोक्यावर ‘३०० मीटर’ लिहिलेलं असतं, पण ते मोकळ्या मैदानातलं. आपल्या भिंती आरसीसीच्या, आत सळया. त्यात बटण लोखंडी सेफ्टी डोअरवरच चिकटवलं, तर सिग्नल आणखी कमी होतो. बटण बाजूच्या भिंतीवर लावा.

तिसरी गोष्ट, लाईट. प्लगमध्ये लावायचा रिसीव्हर लाईट गेली की गप्प. तुमच्याकडे लाईट जात असेल तर बॅटरीवरचा रिसीव्हर घ्या, किंवा इन्व्हर्टरच्या पॉइंटला लावा. ‘बॅटरी लागत नाही’ असं लिहिलेल्या कायनेटिक बेलमध्ये बटण दाबण्याच्या जोरातूनच वीज तयार होते. छान आहे, पण बटण जरा जोरात दाबावं लागतं आणि रिसीव्हरला बहुतेक वेळा प्लग लागतोच. बटण उघड्यावर, गेटवर लावणार असाल तर आयपी रेटिंग बघा. आयपी४४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसेल. कोकणातल्या पावसात तरी वर छोटं छप्पर कराच.

आणि व्हिडिओ डोअरबेल? ती वायफायवर चालते. राउटर बंद पडला तर फोनवर काहीच येत नाही. शिवाय फोन वाजणार माझा, ऑफिसात. आजीकडे साधा फोन आहे! म्हणून व्हिडिओवाली घेतलीत तरी घरात वाजणारा वेगळा चाइम हवाच. कॅमेरा शेजाऱ्यांच्या दारात डोकावणार नाही, एवढंही बघा.

बेल आली की लगेच, परत करायची मुदत संपायच्या आत, एक टेस्ट करा. सगळी दारं लावा, स्वयंपाकघरात मिक्सर चालू करा, आजीला तिच्या नेहमीच्या जागी बसवा आणि बाहेरून बटण दाबा. तिने “कोण आहे?” विचारलं तर बेल ठेवा. नाही विचारलं तर रिव्ह्यूमध्ये कितीही तारे असोत, परत पाठवा.

चला, पुढच्या भागात भेटू!