पाठीवरचा हात
(विहाराच्या वर्धापनदिनी आर्णी येथे केलेले भाषण)



मला आज मायबापांशी बोलायचे आहे. लेकरू शाळेतून रडत येते. पोट्ट्यांनी चिडवलं, ढकललं, असे सांगते. आपण म्हणतो, "बाबासाहेबांनी किती सोसलं! तूही सोस, मोठा होशील." हे बोलणे मायेचे आहे, पण अर्धेच खरे आहे.

बाबासाहेबांनी सोसले, यात शंकाच नाही. साताऱ्याच्या शाळेत बसायला गोणपाट घरून न्यावे लागे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला की तहान तशीच. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गुरुजींनी फळ्याजवळ बोलावले, तर मुले फळ्यामागचे आपले डबे उचलायला धावली.

पण बंधुभगिनींनो, असा अपमान त्या काळी कितीतरी लेकरांच्या वाट्याला आला. अनेकांची शाळाच सुटली. त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. म्हणजे नुसत्या अपमानाने माणूस घडत नाही. त्याला घडवतो पाठीवरचा हात. लहानग्या भीमाची आई गेली, तेव्हा आत्या मीराबाईंनी माया लावली. वडील सुभेदार रामजींनी पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण ठेवले. बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाची केळुसकर गुरुजींनी आपणहून विचारपूस केली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले.

आणि मोठेपणी बाबासाहेबांनी 'सोसा' असे सांगितले का? नाही! शाळेत नळाला हात लावू न दिलेला तो मुलगा २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारोंना घेऊन चवदार तळ्याचे पाणी प्यायला.

म्हणून लेकरू रडत आले, तर आधी जवळ घ्या. मधे न बोलता सगळे ऐका. दुसऱ्या दिवशी शाळेत जा, गुरुजींना भेटा. खुद्द शाळेतूनच त्रास होत असेल तर घाबरू नका. मुलांना मारणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मना केले आहे.

आणि चिडवणारे पोरगे आपलेच निघाले तर? तर 'पोरं आहेत, चालायचंच' म्हणून हसू नका. त्यालाही जवळ बसवून विचारा. ज्या घराने अपमान भोगला, त्या घरातून तो दुसऱ्याच्या दारी जाऊ नये.