रताळ्याची वेल
(चिकलठाणा येथील प्रार्थना सभेत केलेले भाषण)



माझ्या गच्चीवर सिमेंटच्या सहा रिकाम्या गोण्या आहेत. त्यांत मी बटाटे आणि रताळी लावते. आज त्याविषयीच बोलायचे आहे. पण आधी माझी एक चूक सांगते.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास आपण कन्नड तालुक्यातील एका भिल्ल वस्तीवर गेलो होतो. ज्यांना वीतभरही शेत नाही, अशा घरांसाठी गोण्या आणि बेण्याचे बटाटे नेले होते. एका विधवा मावशींना मी स्वतः शिकवले : डोळा असलेला तुकडा लावा, रोप वाढेल तशी मातीची भर द्या, तीन महिने थांबा. महिन्याने पाहिले, तर गोणी रिकामी. बटाटे शिजवून खाल्ले होते. मी रागावले. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, पोरं उपाशी होती. लावू का खाऊ, तुमीच सांगा."

परतीच्या वाटेवर मला सारफथची विधवा आठवली. तिच्याजवळ शेवटचे मूठभर पीठ होते. उपाशी घराला "थांबा" म्हणणे मला सोपे गेले, कारण माझ्या घरचा डबा भरलेला होता. मी प्रभूजवळ क्षमा मागितली आणि पुन्हा विचार केला.

बटाटा आणि रताळे दोन्ही अमेरिका खंडातून आले. पोर्तुगीजांनी आणलेले 'बटाटा' हे नावही मुळात रताळ्याचेच. पण दोघांचा स्वभाव वेगळा. बटाट्याचे बेणे म्हणजेच अन्न. ते मातीत पुरावे लागते. रताळ्याचा कंद खायचा आणि लावायची ती वेल. पोटभर खाल्ले, तरी बेणे शिल्लक राहते.

पुढच्या पावसाळ्यात मी बटाट्यांऐवजी वेलींची जुडी नेली. लावण्याची रीत सोपी आहे. गोणीच्या तळाला भोके पाडा. नाहीतर कंद कुजतात. माती, कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा भरा. दीड वीत लांबीचे वेलीचे तुकडे घ्या, खालची पाने काढा आणि दोन-तीन पेरे मातीत जातील असे लावा. एका गोणीत दोन-तीन तुकडे पुरेत. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसते. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी चालते. खत-पाणी जास्त झाले, तर नुसता पाला वाढतो. सुमारे चार महिन्यांत रताळी तयार होतात. कोवळ्या पाल्याची भाजीही होते. बटाट्याचा पाला मात्र खाऊ नये, हिरवा पडलेला बटाटाही नको.

मिळाल्यास केशरी गराचे रताळे लावा. मुलांच्या डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व त्यातून मिळते. आफ्रिकेत याच कामासाठी तीन शास्त्रज्ञांना २०१६ च्या जागतिक अन्न पुरस्कारात वाटा मिळाला. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने 'भू सोना' हे केशरी वाण दिले आहे.

मावशींच्या दोन गोण्यांतून किती निघाले? तीन-चार वेळच्या जेवणापुरते. गोणीभर रताळ्यांनी वर्षाची भूक मिटत नाही, हे खरे. रेशन, मजुरी, मुलांची शाळा ही कामे आपल्याला करावीच लागतील. पण गोणीवर वेल दिसेना, म्हणून मी विचारले, "मावशी, वेली कुठं गेल्या?" त्या हसल्या. "शेजारच्या तीन घरी दिल्या. खाऊन झाल्यावरबी द्यायला उरतंय की."

इतकी वर्षे आपण त्यांना देणगी घेणारे समजत आलो. त्या दिवशी त्या देणाऱ्या झाल्या.

आता पाऊस सुरू झाला आहे. सभा संपल्यावर माझ्याकडून वेलीचे तुकडे घेऊन जा. आधी आपल्या गच्चीवर लावा, चुका करा, शिका. पुढच्या वर्षी दानार्पणाच्या पाकिटाबरोबर प्रत्येक घरातून वेलींची एक जुडी येऊ द्या.

प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो. आमेन.