दोन बाजूंच्या कागदाचं तिसरं तोंड

कंपासपेटी नाही म्हणून लेकीची भूमिती अडू देऊ नका. जुन्या कॅलेंडरची 3 सेंटिमीटर रुंद, 35 सेंटिमीटर लांब पट्टी कापा.

टोकाशी अंदाजाने तिरकी घडी घाला. मग उरलेली पट्टी मागे वळवा, तिची कड आधीच्या घडीवर नेमकी बसवा. असंच एकदा पुढे, एकदा मागे. दर घडीला कोनातली चूक निम्मी होते. चार-पाच घड्यांनंतर त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सारख्या दिसू लागतात. सुरुवातीचे वाकडे त्रिकोण कापून टाका, चांगले 10 ठेवा.

पट्टी उलगडून आडवी धरा. तीन त्रिकोण मोजा, उरलेली पट्टी मागे दुमडा. पुढचे तीन मोजून पुन्हा मागेच दुमडा. नववा त्रिकोण पहिल्याच्या वर आणा, दहावा मागे वळवून पहिल्याच्या पाठीला चिकटवा. झाला षटकोन.

एका बाजूला लाल रंग द्या, दुसरीला हिरवा. आता मधून निघणाऱ्या सहा रेषांपैकी एक आड एक अशा तीन रेषा चिमटून खाली एकत्र आणा. मधलं टोक कळीसारखं उमलेल. नाही उमललं, तर शेजारच्या तीन रेषा धरा. आत कोरं, तिसरं तोंड दिसेल!

1939 साली अमेरिकेत प्रिन्स्टन इथे शिकणाऱ्या आर्थर स्टोन या इंग्रज विद्यार्थ्याने हे शोधलं, तेही वहीत मावेना म्हणून कापलेल्या कागदाच्या पट्ट्यांतून.

तिसरं तोंड आलं कुठून, हे मुलांना विचारा. उत्तर मात्र लगेच सांगू नका. त्यांना उलगडून बघू द्या.