कुलपातला संगणक आणि फडावरचा मोबाइल



शाळेतल्या नव्या तंत्रज्ञानाविषयी आज मी बोलणार आहे, आणि तेही रेडिओवरून. एके काळी हा रेडिओच शाळेतलं नवं तंत्रज्ञान होता. मग दूरचित्रवाणी आली. शालेय कार्यक्रम तयार करण्यासाठी पुण्यात १९८४ मध्ये 'बालचित्रवाणी' सुरू झाली आणि २०१७ मध्ये ती बंदही झाली. यंत्रं येतात आणि जुनी होतात. म्हणून कोणतं यंत्र चांगलं यापेक्षा, ते कोणत्या मुलापर्यंत पोचलं आणि कोणत्या मुलाच्या दारावरून पुढे गेलं, याविषयी मला बोलायचं आहे.

मी सोमेश्वरनगरच्या परिसरात तीसेक वर्षं शिक्षक होतो. बारामती तालुक्यातला हा नीरा डाव्या कालव्याखालचा बागायती पट्टा, आणि इथलं सगळं जीवन सोमेश्वर सहकारी साखर कारखान्याभोवती फिरणारं. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, पाथर्डीकडून ऊसतोड कामगार येतात. माळावर कोप्या उभ्या राहतात आणि आमच्या वर्गात नवे चेहरे दिसू लागतात. पुढे कारखान्याचा पट्टा पडला, की एका रात्रीत माळ मोकळा होतो आणि हजेरीपटावरच्या काही नावांपुढे रेघा येतात.

आमच्या शाळेत पहिला संगणक आला तो २००० नंतर. नारळ फुटला, हार घातला, फोटो निघाले. मग त्यावर प्लास्टिकचं कव्हर आलं आणि खोलीला कुलूप. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायच्या. त्यात भारनियमन, शाळेच्या वेळेत वीज असेलच याची खात्री नाही. मुलांच्या हाती माउस यायचा तो महिन्यातून एखादे वेळी, आणि तोही पहिल्या बाकावरच्या हुशार मुलांच्या. कोप्यांवरच्या मुलांना तर आम्ही खोलीत घेतच नव्हतो. "ही चार महिन्यांची पाहुणी. यांना शिकवून काय उपयोग? काही मोडलं तर भरून कोण देणार?" हे वाक्य दुसऱ्या कुणाचं नाही, माझंच आहे. आजही ते मला टोचतं.

माझे डोळे उघडले ते चौथीतल्या एका मुलीमुळे. मधल्या सुट्टीत ती एक चुरगळलेला कागद घेऊन आली. उसाच्या वजनाची काट्यावरची पावती होती. म्हणाली, "गुरुजी, आबा म्हणले, टनं बराबर हायत का बघ." तिच्या आबांना वाचता येत नव्हतं आणि तिला दशांश चिन्ह कळत नव्हतं. आठवडाभराच्या पावत्या, ठरलेला दर, घेतलेली उचल, असा सगळा हिशेब त्या चिमुकल्या हातात होता. मी किल्ली मागून आणली आणि तिला संगणकासमोर बसवलं. तारीख, वजन, दर असे रकाने तिनेच भरले. बेरीज खाली आपोआप आली, तेव्हा तिने ती वहीवर पुन्हा करून पाहिली. यंत्रावर तिचा विश्वास नव्हता, आणि ते चांगलंच होतं. जे दशांश अपूर्णांक मी फळ्यावर महिनाभर शिकवत होतो, ते तिला दोन दिवसांत समजले. त्यानंतर खोलीचं कुलूप शाळेच्या वेळेत लागलं नाही.

ऊसपट्ट्यातलंच आणखी एक उदाहरण सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगर भागात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. सुमारे ७० गावांत शेतकऱ्यांसाठी संगणक केंद्रं उभी राहिली. काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिलं, तर संगणकाचा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदी आणि वजनाच्या माहितीपुरता होत होता. मग ७ गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिलं, आणि ते झालं. काम काय आहे ते आधी ओळखावं आणि मग यंत्र निवडावं, हा धडा शाळेलाही लागू आहे.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळं शिक्षण मोबाइलवर आलं. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. इंटरनेट नसलेल्या घरांना तिचा मोठा आधार होता. पण कोपीत टीव्ही कुठला? फोन एकच, आणि तो पहाटे चारला बापाच्या खिशातून फडावर जाई, कारण मुकादमाचा निरोप यायचा असे. आम्ही सकाळी दहाला धडे पाठवत होतो आणि ते उसाच्या सरीत वाजत होते! चूक लक्षात आल्यावर आम्ही वेळ बदलली. संध्याकाळी सातनंतर पाच मिनिटांचा आवाजी निरोप पाठवायचा, एका फोनभोवती पाच-सहा मुलांनी बसून ऐकायचा, वहीत लिहायचं. मोळ्या वाहून दमलेली आईही मग शेजारी बसून ऐकू लागली.

त्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरण्याच्या त्यांच्या कामाची जगाने दखल घेतली. बालभारतीच्या पुस्तकांवर आता असे कोड असतात. मला त्यांचं मोल वाटतं ते स्थलांतरित मुलांसाठी. सोमेश्वरनगरला अर्धवट राहिलेलं पान बीडमध्येही उघडतं. पण ते उघडून देणारं कुणीतरी तिथे हवं. म्हणून मूल गावी निघालं, की मी तिकडच्या शिक्षकांना फोन करायचो, "मॅडम, पोरगी भागाकारापर्यंत आली आहे. तिथून पुढे घ्या." माझ्या सगळ्या नोकरीत यंत्राचा सर्वांत चांगला उपयोग झाला असेल, तर तो या दोन मिनिटांच्या फोनचा.

आज शाळांत डिजिटल फळे आहेत, टॅब आहेत, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता दारात उभी आहे. तिचं स्वागत जरूर करावं. फक्त माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती आहे. नवं यंत्र आलं, की पहिल्या दिवशी ते शेवटच्या बाकावरच्या, चार महिन्यांसाठी आलेल्या मुलाच्या हाती द्या. मोडलं तर दुरुस्त करता येईल. त्या मुलाचं सुटलेलं वर्ष मात्र कुठल्याच दुकानात दुरुस्त होत नाही.