सर्व्हर घरी आणावा का?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मघापासून सगळ्यांनी शाळेच्या आठवणी सांगितल्या. मला मात्र संयोजकांनी बजावलंय, की तू तुझ्या क्षेत्रातलं कामाचं काहीतरी सांग. म्हणून आपल्या ग्रुपवर तिघा-चौघांनी विचारलेला प्रश्नच घेते. मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला गेली आहे. पुण्यात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला कंपन्यांनी काढून टाकलेले सर्व्हर मिळतात. सोळा कोर, चौसष्ट जीबी मेमरी, आणि किंमत नव्या लॅपटॉपपेक्षा कमी. मग घरचा कॉम्प्युटर म्हणून तोच घ्यावा का?

केळीचा भाव पडला त्या वर्षी फी कशी जमवली, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरात माहीत आहे. त्यामुळे ही रक्कम लहान नाही, आणि उत्तर नीट द्यायला हवं.

आधी एक गोष्ट. सर्व्हर हे कामाचं नाव आहे. १९९० साली स्वित्झर्लंडच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला, तो टेबलावरच्या एका नेक्स्ट कॉम्प्युटरवर. कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर चिठ्ठी चिकटवली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. म्हणजे घरचं यंत्र सर्व्हर होऊ शकतं. प्रश्न आहे तो उलटा, सर्व्हरचं यंत्र घरी नांदेल का?

त्याचे गुण खरे आहेत. त्यातली ईसीसी मेमरी दर चौसष्ट बिटांमागे आठ बिट जादा ठेवते. एक बिट बिघडला तर स्वतः दुरुस्त करते, दोन बिघडले तर ओळखते. २००९ साली टोरोंटो विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी गूगलच्या सर्व्हरचा अभ्यास केला, तेव्हा वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त मेमरी-पट्ट्यांत चूक झालेली आढळली. म्हणजे ही सोय दिखाऊ नाही. शिवाय बहुतेक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात, एक गेला तरी यंत्र चालू राहतं. डिस्क चालू यंत्रात बदलता येते.

आता घरातल्या अडचणी. पहिली आवाजाची. कपाटात रचायचा सर्वांत पातळ सर्व्हर पावणेदोन इंच उंच असतो. तेवढ्या जागेत चिमुकले पंखेच बसतात, आणि तेवढीच हवा ढकलायला ते मिनिटाला हजारो फेरे घेतात. ज्या खोलीत तो चालतो तिथे मूल अभ्यास करू शकत नाही.

दुसरी विजेची. दोन प्रोसेसरचा दहा-बारा वर्षांपूर्वीचा सर्व्हर काही काम न करताही दीडशे वॉट खातो असं धरू. दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८. घरगुती बिलात शंभर युनिटच्या पुढे दर चढतो, आणि इथे एकटं हे यंत्रच ती रेघ ओलांडतं. तीस वॉटचा लॅपटॉप रोज आठ तास चालवला तर महिन्याला सात-साडेसात युनिट लागतात.

तिसरी आपल्या गावची. असे बहुतेक सर्व्हर पस्तीस अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. त्यात तो दीडशे वॉटची उष्णता खोलीत सोडणार, पंखे आणखी ओरडणार. दोन पॉवर सप्लायही लाईट गेल्यावर उपयोगाचे नाहीत, कारण दोन्ही एकाच मीटरवर.

बारीक कुरबुरीही आहेत. आवाजाची पिन बहुधा नसते. चित्र जुन्या व्हीजीए दर्जाचं येतं. सुरू व्हायलाच काही मिनिटं लागतात. मेमरी साध्या कॉम्प्युटरला बसत नाही, म्हणून यंत्र गेलं की सुटे भागही वाया. आणि सोळा कोर असले तरी एकेका कोरचा वेग आजच्या साध्या लॅपटॉपच्या मागे पडतो. मुलांचा बराचसा प्रोग्रॅम एकाच कोरवर चालतो.

रावेर-सावद्याची केळी दिल्लीकडे रवाना करायला रेल्वेचे डबे लागतात. पण शनिवारी बाजारातून भाजी आणायला कुणी मालगाडी मागवत नाही. तसंच हे आहे.

मग करावं काय? मुलाला शिकण्यासाठी एकाच यंत्रात अनेक यंत्रं चालवून बघायची असतील, तर सोळा जीबीचा लॅपटॉप पुरतो, आणि त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ताकद जास्तच हवी असेल, तर जुनं वर्कस्टेशन बघा, डेलचं प्रिसिजन किंवा एचपीचं झेड मालिकेतलं. त्यांच्या अनेक मॉडेलांत सर्व्हरचाच झिऑन प्रोसेसर आणि ईसीसी मेमरी असते, पण ती माणसाच्या टेबलाशेजारी बसण्यासाठी बनलेली असल्याने शांत असतात. खरेदीआधी यंत्र सुरू करून अर्धा तास आवाज ऐका, आणि विजेचा मीटर लावून खप बघा.

माझ्या पुण्याच्या घरी सहा वर्षं एक जुना टॉवर सर्व्हर आहे, मोठ्या पंख्यांचा, तोही बाल्कनीशेजारच्या खोलीत. त्यावर आई-बाबांचे फोटो, शेतीची कागदपत्रं आणि माझे प्रयोग आहेत. रोजचं लिहिणं-वाचणं मी लॅपटॉपवरच करते. त्यातल्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात, पण तो बॅकअप नव्हे: चुकून पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जातं. म्हणून महिन्यातून एकदा तिसरी डिस्क भरून ती रावेरला आईच्या कपाटात ठेवते. हे एवढं तरी आज घरी जाऊन करा. आपल्या मोबाइलमध्ये ज्यांचे आवाज आणि चेहरे आहेत, त्यातले काही आता आपल्यात नाहीत.

कुणाला यंत्र घ्यायचंच असेल, तर मॉडेल नंबरचा फोटो मला ग्रुपवर पाठवा. पैसे देण्याआधी पाठवा.